तेलातल्या क्लचचे कव्हर: आवाज बदलताना

मोटारसायकलच्या इंजिनाच्या उजव्या बाजूस, किकच्या दांड्याभोवती पसरलेले जे ओतीव ॲल्युमिनियमचे झाकण असते, त्याला गॅरेजमध्ये क्लच कव्हर किंवा नुसते साइड कव्हर म्हणतात, आणि गाडी उभी असताना इंजिनातून येणारा बारीक खुळखुळाट किंवा चालत्या गाडीत ऐकू येणारी घरघर यांचा मोठा भाग याच झाकणातून बाहेर पडतो. हा आवाज बदलावा असे वाटणारे गाडीमालक दोन प्रकारचे असतात. एकाला परदेशी शर्यतीच्या गाड्यांचा कोरडा, धातूचा खडखडाट आपल्या गाडीत हवा असतो, तर दुसऱ्याला आपल्या गाडीची खडखड नकोशी झालेली असते. भंडारा, तुमसर, साकोली किंवा पवनीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक सर्व मोटारसायकलींचा क्लच तेलात फिरणारा असल्यामुळे या दोघांनाही काय करता येते, काय करता येत नाही आणि काय करू नये, याचे उत्तर त्या तेलापासूनच सुरू होते.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवणारा आणि लिव्हर दाबताच ती तोडणारा भाग म्हणजे क्लच. त्यात बाहेरचे वाटीसारखे क्लच हाउसिंग, आतले क्लच सेंटर, घर्षणाचा थर बसवलेल्या क्लच प्लेट, त्यांच्यामध्ये एकाआड एक बसणाऱ्या गुळगुळीत स्टील प्लेट आणि या सगळ्यांना स्प्रिंगच्या जोराने एकमेकींवर दाबून ठेवणारी प्रेशर प्लेट असते. वेट क्लच म्हणजे ओल्या क्लचमध्ये हा सारा संच इंजिन ऑइलच्या फवाऱ्यात फिरतो. तेच तेल प्लेट थंड ठेवते, झिजलेले कण वाहून नेते आणि धातूचे भाग एकमेकांवर आपटताना मधला पातळ थर बनून त्यांचा आवाज मऊ करते. अशा क्लचच्या कव्हरचे काम त्यामुळे नुसते झाकण्याचे राहत नाही. ते तेल आत धरून ठेवते, किकच्या शाफ्टला आधार देते, अनेक गाड्यांत क्लचच्या केबलचा आर्म आपल्या अंगावर वागवते, आणि काही सिंगल सिलिंडर इंजिनांत तर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगकडे जाणाऱ्या तेलाची वाटही याच कव्हरच्या जाडीतून कोरलेली असते.

कोरड्या क्लचची ओढ ज्या गाड्यांमुळे निर्माण झाली त्यांत इटलीची डुकाटी सर्वांत ठळक आहे. तिच्या कोरड्या क्लचमध्ये प्लेटचे कान हाउसिंगच्या खाचांत किंचित सैल बसतात, लिव्हर दाबून प्लेट मोकळ्या झाल्या की त्या खाचांवर आपटतात आणि मधे तेल नसल्यामुळे तो आपटण्याचा आवाज तसाच बाहेर येतो. तिथे झाकण अर्धे कापले किंवा जाळीदार केले तरी सांडायला तेलच नसते, उलट हवा खेळून प्लेट थंड राहतात, म्हणून उघडी कव्हरे त्या गाड्यांवर शोभतात आणि टिकतातही. त्याच कंपनीने पुढे 848 आणि 2012 मध्ये आलेल्या 1199 पानिगाले या गाड्यांना ओला क्लच दिला, कारण रोजच्या वापरात तो अधिक शांत असतो आणि अधिक टिकतो. कोरडा क्लच तिने पानिगाले व्ही फोर आर सारख्या शर्यतीशी जवळीक असलेल्या गाडीसाठी राखून ठेवला. त्यामुळे स्प्लेंडर, शाइन, पल्सर किंवा युनिकॉर्नचे कव्हर कापून तो आवाज मिळवण्याचा विचार मुळातच चुकीच्या पायावर उभा आहे. कापलेल्या कव्हरमधून तेल फवाऱ्यासारखे बाहेर पडून मागच्या टायरवर उडते, इंजिनातील तेलाची पातळी काही मिनिटांत घसरते, आणि तेलात भिजूनच काम करण्यासाठी बनवलेल्या क्लच प्लेट कोरड्या पडून जळतात. जुन्या बुलेटचा अपवाद इथे सांगण्यासारखा आहे. तिचा क्लच डाव्या बाजूस, प्रायमरी चेनसह वेगळ्या पेटीत असतो आणि त्या पेटीतले तेल इंजिनाच्या तेलापासून निराळे असते. परंतु त्याच पेटीत अल्टरनेटरही बसवलेला असल्यामुळे ती उघडी ठेवणे तिथेही परवडत नाही.

भंडारा जिल्ह्यात या धोक्याला आणखी एक बाजू आहे. वर्षाचा 1300 मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, रोवणीच्या दिवसांत बांधीकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यांवर चाकभर चिखल असतो, आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांची बारीक माती धूळ होऊन इंजिनावर बसते. क्लचच्या तेलात गेलेली माती जाळीतून सुटून तेलपंपापर्यंत पोहोचली की पंप आणि क्रँकचे बेअरिंग दोन्ही घासले जातात, आणि मग हजार-दोन हजार रुपयांच्या हौसेपोटी इंजिनाचे संपूर्ण काम काढावे लागते. तेव्हा ओल्या क्लचचे कव्हर बंद, घट्ट आणि गळतीरहित ठेवूनच त्याच्या आवाजात जो बदल होईल तो करावा, ही या लेखातील प्रत्येक सूचनेमागची अट आहे.

हा आवाज मुळात कोठून निघतो हे समजून घेतले तर पुढचे काम निम्मे सोपे होते. क्रँकशाफ्टवरचा लहान प्रायमरी गिअर क्लच हाउसिंगवरच्या मोठ्या गिअरला फिरवतो. दोन्हींच्या दातांमध्ये थोडी मोकळीक ठेवावीच लागते, आणि सिंगल सिलिंडर इंजिनाचा फेरा एकसारखा नसून प्रत्येक स्फोटाबरोबर त्याला झटका बसत असल्यामुळे मंद गतीला दात या मोकळिकेत पुढे-मागे आपटतात. हा झटका सोसण्यासाठी हाउसिंगच्या पाठीमागे लहान कुशन स्प्रिंग किंवा रबर बसवलेले असतात. ते सैल झाले की उभ्या गाडीची खडखड वाढते. गाडी वेगात असताना ऐकू येणारा आवाज मात्र आपटण्याचा नसून दात एकामागून एक जुळण्याचा असतो, आणि त्याचा स्वर मोजता येतो. समजा लहान गिअरला 20 दात आहेत आणि इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत आहे, तर सेकंदाला 50 फेरे आणि 1000 दात जुळणे असा हिशोब होतो, म्हणजे 1000 हर्ट्झचा स्वर. त्याच वेगाला चार स्ट्रोकच्या सिंगल सिलिंडर इंजिनात स्फोट सेकंदाला केवळ 25 होतात. माणसाच्या कानाला 25 हर्ट्झपेक्षा 1000 हर्ट्झ कितीतरी सहज ऐकू येतो, म्हणून सायलेन्सरच्या जड आवाजातूनही क्लच साइडची घरघर वेगळी काढता येते.

दातांचा हा थरकाप शाफ्ट, बेअरिंग आणि इंजिनाच्या भिंतींतून कव्हरपर्यंत येतो, आणि कव्हर रुंद, पातळ व फक्त कडेने बोल्टनी पकडलेले असल्यामुळे डफाच्या कातड्यासारखे थरथरून तो हवेत सोडते. प्रत्येक कव्हरचे स्वतःचे काही स्वर असतात, ज्यांना नैसर्गिक कंप्रता म्हणतात, आणि दात जुळण्याचा स्वर चढत चढत त्यांपैकी एकाशी मिळाला की त्या वेगाला गाडी एकदम गाऊ लागते, वेग थोडा वाढवला की तो आवाज विरतो. एका ठरावीक वेगालाच येणारी घरघर हे बहुधा याचे लक्षण असते. कव्हरचा स्वभाव बदलण्याचे मार्ग यातूनच निघतात. कव्हर अधिक ताठ केले तर त्याचा स्वर वर सरकतो, सपाट पत्र्यासारख्या भागाची जाडी दुप्पट केली तर तो जवळपास दुप्पट होतो, नुसते वजन वाढवले तर स्वर खाली येतो, आणि थरथर शोषून तिची उष्णता करणारा चिवट थर बसवला तर स्वर फारसा न हलता त्याचा जोर कमी होतो. या शेवटच्या क्रियेला अवमंदन म्हणतात, आणि रोजच्या वापरातील गाडीसाठी तीच सर्वांत उपयोगाची आहे.

कव्हरला हात लावण्यापूर्वी आवाज हा दोष आहे की स्वभाव, याचा निवाडा व्हायला हवा. इंजिन गरम करून गाडी न्यूट्रलमध्ये मंद गतीवर ठेवावी आणि क्लचचे लिव्हर हळूहळू दाबावे. लिव्हर सुटलेले असताना खडखड येते आणि दाबताच थांबते, तर ती हाउसिंगच्या कुशन स्प्रिंगची, खाचा पडलेल्या हाउसिंगची किंवा गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टच्या मोकळिकेची असू शकते, कारण लिव्हर दाबल्यावर तो शाफ्ट इंजिनापासून सुटतो. उलट लिव्हर दाबताच आवाज सुरू होत असेल तर संशय प्रेशर प्लेटमधील लहान बेअरिंगवर जातो. लिव्हरने काहीच फरक पडत नसेल आणि आवाज इंजिनाच्या गतीबरोबर चढत असेल, तर प्रायमरी गिअर, तेलपंपाचा गिअर किंवा क्रँकच्या टोकाकडे पाहावे. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक कव्हरवर आणि मूठ कानामागच्या हाडाशी टेकवून जागा शोधण्याची मिस्त्रींची पद्धत आजही खात्रीची आहे, मात्र फिरणाऱ्या भागांपासून आणि तापलेल्या सायलेन्सरपासून हात व कपडे दूर ठेवावेत. गाडेगाव येथील अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स बनत असल्यामुळे गिअरच्या दातांशी रोजचा संबंध असलेले कामगार जिल्ह्यात आहेत, आणि अशा अनुभवी माणसाचा कान एखाद्या महागड्या उपकरणाइतका मोलाचा ठरतो. खराब बेअरिंगचा आवाज कव्हरवर रबर चिकटवून दाबणे हा इंजिनाशी केलेला सर्वांत घातक व्यवहार आहे, कारण कव्हरमधून येणारा आवाज हीच मालकाला मिळणारी पहिली सूचना असते आणि ती बंद केल्यावर पुढची सूचना थेट इंजिन जाम होण्याची असू शकते.

बदल झाला की नाही हे स्मरणावर सोपवू नये. फोनवरील ध्वनिमापनाचे साधे ॲप त्यासाठी पुरते, परंतु दोन्ही वेळा गाडी त्याच जागी, त्याच स्टँडवर, तितकीच गरम आणि तितक्याच फेऱ्यांवर असावी, फोन कव्हरपासून अर्ध्या मीटरवर एकाच उंचीला ठेवावा आणि जवळ भिंत नसावी. फोनमधील डेसिबलचे आकडे प्रमाणित नसल्यामुळे 2 ते 3 डेसिबलच्या आतील फरकावर विसंबू नये. आवाजाचा आलेख दाखवणारे ॲप असेल तर कोणता स्वर उंच आहे हे दिसते, आणि वर सांगितलेल्या दातांच्या हिशोबाशी तो जुळवून पाहता येतो. इंजिन बंद असताना, कव्हर बोल्टनी पक्के बसलेले असतानाच, त्याच्या मध्यावर स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलकेच टकटक करून तोही आवाज नोंदवावा. जिथे टकटकीचा आवाज पोकळ आणि लांबणारा येतो तो भाग सर्वाधिक थरथरणारा असतो, आणि अवमंदनाचा थर तिथेच लावायचा असतो. कव्हर काढून हातात धरून वाजवले तर येणारा आवाज वेगळाच असतो, त्याचा इथे उपयोग नाही.

तपासणीत दोष निघाला किंवा पॅकिंग गळत असेल तर कव्हर उघडावे लागते, अन्यथा पुढील बहुतेक उपाय ते न काढताही करता येतात. उघडायचे असल्यास इंजिन थंड होऊ द्यावे आणि तेल काढून घ्यावे, अथवा तेल नवे असेल तर गाडी डाव्या बाजूला पुरेशी कलती ठेवून काम करावे, म्हणजे ते आतच राहते. केबल, किकचा दांडा आणि आड येत असल्यास ब्रेकचे पॅडल व फूटरेस्ट सोडवून मग कव्हरचे बोल्ट थोडेथोडे, समोरासमोरच्या जोड्यांनी सैल करावेत. हे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला तर इंजिनाच्या कवचाला चीर पडते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरची बाह्यरेषा काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवण्याची सवय फार चांगली. कव्हर सुटत नसेल तर जोडाच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये. तिथे पडलेला एकच ओरखडा पुढे कायमचा गळतो. रबरी हातोडीने कडेला हलकी ठोक दिली की ते सुटते. निघताना किकच्या शाफ्टवरचा वायसर कव्हरला तेलाने चिकटून येतो आणि नकळत खाली पडतो, तसेच कव्हर बरोबर जागी बसवणाऱ्या पोकळ डॉवेल पिनाही सांभाळाव्या लागतात.

आत पाहिल्यावर हाउसिंगच्या बोटांवर प्लेटच्या कानांनी पाडलेल्या खाचा नखाला लागतील इतक्या खोल असतील, हाउसिंग हाताने पुढे-मागे फिरवताना गिअर आणि वाटी यांच्यात सैलपणा जाणवत असेल, किंवा त्याच्या पाठीचे रिवेट ढिले झाले असतील, तर आवाजावरचा खरा उपाय नवे हाउसिंग हाच आहे. तेलही तपासावे. ओल्या क्लचच्या गाडीत जासो या जपानी मानकाच्या एमए किंवा एमए2 वर्गाचेच तेल वापरावे लागते, कारण मोटारींसाठीच्या काही तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच घसरतो. निर्मात्याने सांगितल्यापेक्षा पातळ तेलात मे महिन्यातील 45 अंशांच्या उन्हात दातांचा खुळखुळाट वाढतो, आणि फक्त योग्य दर्जाचे तेल योग्य पातळीला भरल्याने तो कमी झाल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नित्याची आहेत.

दोष नसलेल्या गाडीत कव्हरचा आवाज मऊ करायचा असेल तर बाहेरून लावलेला दुहेरी थर सर्वांत किफायतशीर ठरतो. त्यात थरथर शोषणारा चिवट थर कव्हरवर चिकटतो आणि त्याच्यावर अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा बसतो. कव्हर थरथरले की मधला थर कव्हर आणि पत्रा यांच्यात घासला जाऊन ऊर्जा गिळतो, त्यामुळे नुसत्या रबराच्या तुकड्यापेक्षा याचा परिणाम पुष्कळ जास्त असतो. मोटारींच्या दारांत लावण्यासाठी मिळणारी ब्यूटाइलची तयार शीट याच तत्त्वावर बनते, परंतु तापल्यावर ती सैल पडून घसरते आणि इंजिनाचे तेल 100 अंशांच्या पुढे जाऊ शकत असल्यामुळे तिथे चालत नाही. थर घेताना त्यावर छापलेली तापमानाची मर्यादा वाचावी आणि किमान 150 अंश सोसणारा थर निवडावा. लावण्याची जागा आधी डिग्रीझरने स्वच्छ करून, बारीक एमरी पेपरने किंचित खरखरीत करून, पुन्हा पुसून कोरडी करावी. टकटक करून सापडलेल्या पोकळ भागावर थर लावून रोलरने दाबून हवेचे बुडबुडे काढावेत. सपाट भागाचा सुमारे तिसरा हिस्सा झाकला तरी सहसा पुरेसा फरक पडतो, आणि संपूर्ण कव्हर झाकणे हिताचेही नाही, कारण हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हेच कव्हर तेलातील उष्णता बाहेर टाकते. तेल भरण्याचे बूच, पातळी पाहण्याची काच, केबलचा आर्म आणि किक शाफ्टचे सील मोकळे राहावेत. कव्हरच्या आतून मात्र काहीही चिकटवू नये. गरम तेलात सुटलेला चिकट थराचा किंवा सिलिकॉनचा तुकडा तेलाच्या जाळीवर बसला तर इंजिन उपाशी राहते.

दुसरा मार्ग वर आणखी एक सजावटीचे कव्हर बसवण्याचा आहे, आणि अनेक निर्माते तो स्वतःच वापरतात. मूळ कव्हरपासून 5 ते 8 मिलिमीटर अंतर ठेवून, रबरी बुशमधून जाणाऱ्या बोल्टवर हे दुसरे कव्हर तरंगते ठेवले तर मूळ कव्हरची थरथर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि मधली हवा आवाजाचा वरचा पट्टा अडवते. त्याच्या खालच्या बाजूस मोठी मोकळी जागा हवी, नाहीतर रोवणीच्या हंगामात मधल्या फटीत साचलेला चिखल वाळून दोन्ही कव्हरे एकसंध बनवतो, आवाज पुन्हा पूर्वीसारखा होतो आणि इंजिन अधिक तापते ते वेगळेच. हे दुसरे कव्हर भंडाऱ्यातच पितळेचे बनवून घ्यावे, असा मोह इथल्या पितळी भांड्यांच्या जुन्या परंपरेमुळे सहज होईल, आणि हातोडीने ठोकून घडवलेल्या पितळी पत्र्याची झळाळी मोटारसायकलवर खरोखर देखणी दिसेल. पितळ ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट जड असल्यामुळे आवाज अडवण्याच्या दृष्टीनेही ते वाईट नाही. तथापि पितळ आणि ॲल्युमिनियम पावसाच्या पाण्यात एकमेकांना टेकलेले राहिले की त्यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे गळू लागते, म्हणून दोन्ही धातूंचा थेट स्पर्श कुठेही होऊ न देता रबरी बुश, नायलॉनचे वायसर आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरणे आवश्यक ठरते. एवढी काळजी घेतली तर इथल्या कारागिराच्या हातची वस्तू गाडीवर मिरवण्याचा हा प्रकार जाळीदार परदेशी कव्हरांच्या नकलेपेक्षा कितीतरी अधिक मोलाचा आहे.

कव्हर ताठ करण्यासाठी त्यावर आर्गन वेल्डिंगने बाहेरून फासळ्या चढवण्याचे कामही काही जण सुचवतात. तत्त्वतः ते बरोबर आहे, पण दाबाने ओतलेल्या ॲल्युमिनियममध्ये सूक्ष्म पोकळ्या आणि भिनलेले तेल असल्यामुळे वेल्डिंग फेसाळते, उष्णतेने कव्हर वाकते आणि जोडाची सपाटी जाते. तरीही करायचेच असेल तर जुने, जादाचे कव्हर घेऊन करावे, आणि नंतर जाड काचेवर ठेवून सगळीकडे फीलर गेज घालून पाहावे. 0.05 मिलिमीटरचे पान कुठेही आत जात असेल तर कव्हर पुन्हा घासून सपाट केल्याशिवाय वापरू नये. काही गाड्यांची कव्हरे मॅग्नेशियमची असतात, आणि त्यांच्या किसाला आग लागू शकते. धातूची खात्री नसेल तर ग्राइंडर दूरच ठेवावा.

आवाज वाढवू इच्छिणाऱ्याला एवढेच सांगता येते की कव्हर आतून खरवडून पातळ करणे, त्याला छिद्रे पाडणे किंवा त्याच्या फासळ्या कापणे यांनी घरघर वाढते हे खरे असले तरी केबलचा आर्म ज्या कव्हरवर असतो त्याच्यावर प्रत्येक वेळी लिव्हर दाबताना जोर येतो, आणि छिद्र क्रँककडे जाणाऱ्या तेलवाटेत गेले तर बेअरिंग काही किलोमीटरांत जळते. क्लच फिरताना पाहण्याचीच हौस असेल तर महागड्या गाड्यांसाठी काचेची खिडकी असलेली बंद कव्हरे मिळतात. त्यांत तेल आतच राहते, खिडकीच्या जड काचेमुळे आवाजही किंचित बदलतो. घरी ॲक्रिलिकचा तुकडा चिकटवून त्याची नक्कल करू नये, कारण ते 100 अंशांच्या आसपास मऊ पडते.

कव्हर उघडले असल्यास बसवताना नवे पॅकिंगच वापरावे आणि ते मूळ जाडीचेच असावे, कारण पॅकिंगच्या जाडीवर किक शाफ्टचा प्ले ठरतो. जुन्या पॅकिंगचे अवशेष प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावेत. हाताने फिरवून बसवलेले बोल्ट समोरासमोर दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर इतका ताण पुरतो. गॅरेजमध्ये टॉर्क पाना नसेल तर आखूड टी-पाना वापरावा, कारण लांब दांड्याने ॲल्युमिनियममधील आटे चटकन जातात. काही गाड्यांत एखादा बोल्ट नीट न आवळल्याने कव्हर त्या कोपऱ्यात मोकळे थरथरते, आणि ज्या आवाजासाठी सारा खटाटोप केला तो केवळ त्या बोल्टचा होता असे लक्षात येते. शेवटी लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटरचा प्ले ठेवून केबल लावावी, तेल भरून इंजिन काही मिनिटे चालवावे आणि थांबवून पातळी पुन्हा पाहावी.

कायद्याकडेही लक्ष द्यायला हवे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे तत्त्व आणखी स्पष्ट केले. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, तर ध्वनिप्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम 190 नुसार पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि परवाना तीन महिने बाद, अशी तरतूद आहे. 1 एप्रिल 2005 पासून लागू झालेल्या निकषांनुसार धावत्या मोटारसायकलच्या आवाजाची मर्यादा 80 ते 175 सीसीपर्यंत 77 डेसिबल आणि त्यावरील इंजिनांसाठी 80 डेसिबल अशी ठरली. ही तपासणी गाडीच्या मार्गरेषेपासून 7.5 मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने होते, आणि पुण्यातील एआरएआय ही 1966 पासूनची संस्था अशा चाचण्या करते. आवाज मऊ करणारा बाहेरचा थर या मर्यादांच्या आड येत नाही. आवाज वाढवणारा बदल मात्र सायलेन्सरवर केला काय आणि कव्हरवर केला काय, कायद्याच्या दृष्टीने एकाच मापाने मोजला जातो. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांच्या भोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, तिथे दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल एवढीच परिसराची मर्यादा आहे, आणि जिल्ह्यातील कोका अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्यावर तर नियम नसता तरीही आवाज आवरणेच योग्य ठरले असते. गाडी हमीच्या काळात असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला आधी विचारावे, कारण कव्हरमधील बदलाचे कारण पुढे करून क्लचच्या तक्रारीवरील हमी नाकारली जाऊ शकते.

काम झाल्यावर पहिल्या 50 किलोमीटरनंतर कव्हरच्या खालच्या कडेवर स्वच्छ पांढरे कापड फिरवून तेलाचा ओलावा पाहावा, 500 किलोमीटरनंतर बोल्टचा ताण आणि थराच्या कडा पुन्हा तपासाव्यात, आणि फोनवरील जुनी व नवी ध्वनिफीत एकापाठोपाठ ऐकावी. नव्या ध्वनिफितीत पूर्वी नसलेला एखादा ठणका किंवा घासण्याचा आवाज वेगळा होऊन ऐकू येत असेल, तर थर न काढता आधी तेल काढून त्यातील धातूचे कण चुंबकावर धरून पाहावेत: चुंबकाला चिकटणारी चमचम बेअरिंग, गिअर किंवा स्टील प्लेटकडे बोट दाखवते, न चिकटणारी राखाडी भुकटी बहुधा ॲल्युमिनियमच्या हाउसिंगची असते, आणि काळसर बारीक गाळ क्लच प्लेटच्या थराचा असतो.